अंगावरून गेलेलें वारें

आपल्या भाषेंत पक्षाघातास नांवें पुष्कळ आहेत. वैद्य त्यास पक्षवध म्हणतात, सुशिक्षित मंडळी अर्धांगवायु म्हणतात, बाजारांत लकवा म्हणतात. परंतु घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या तोंडीं जो शब्दप्रयोग ऐकूं येतो तो सर्वांत बोलका आहे. ‘त्यांच्या अंगावरून वारें गेलें’ असें त्या म्हणतात. वारें कोठून आलें हें कोणास दिसत नाहीं, कोठें गेलें हेंहि दिसत नाहीं. मागें राहतो तो लोंबता हात, वांकडें झालेलें तोंड आणि शब्द हरवलेली जीभ. ह्या शब्दप्रयोगांतील अनुभव अगदीं खरा आहे; परंतु त्यांतून निघणारा व्यवहार मात्र घातक आहे. वाऱ्यास कोण अडविणार, अशी आपली समजूत. आणि जें अडवितां येत नाहीं तें सोसावें, तेल चोळावें, रोग्याच्या अंगावर शाल घालावी व देवावर भार टाकावा, अशी त्या समजुतीची परिणति. कोठें कोठें तर कबुतराचें रक्त चोळण्यापर्यंत मजल जाते.

वस्तुस्थिति अशी आहे कीं, तें वारें बहुधा वारें नसून रक्ताची गुठळी असते. ती पुष्कळदां आपल्या मानेंतूनच वर गेलेली असते. आणि घर उद्ध्वस्त करण्यापूर्वीं ती कित्येकदां एक स्पष्ट सूचना देऊन गेलेली असते. ह्या तीन गोष्टी वाचकांपुढें मांडाव्या, एवढाच ह्या महिन्याच्या लेखाचा हेतु आहे. प्रस्तुत लेखक डॉक्टर नव्हे, वैद्यहि नव्हे; शाळेंत संस्कृत शिकविण्यांत त्याचें आयुष्य गेलें. तेव्हां येथें औषधांचीं नांवें व मात्रा कोणी शोधूं नयेत. घरांतील माणसांनीं काय ओळखावें व केव्हां उठावें, इतकेंच येथें सांगितलें आहे.

प्रथम आपल्याच ग्रंथांकडे वळूं. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत १०७ मर्में सांगितलीं आहेत. मर्म म्हणजे जेथें इजा झाली असतां प्राण किंवा एखादी शक्ति जाते तें स्थान. त्यांपैकीं मानेंतील आठ सिरांना ‘मातृका’ असें नांव असून त्यांची गणना सद्यःप्राणहर मर्मांत, म्हणजे इजा होतांच प्राण घेणाऱ्या मर्मांत, केली आहे. त्यांशिवाय कंठाच्या दोहों बाजूंस चार धमन्या सांगितल्या आहेत. दोन ‘नीला’ व दोन ‘मन्या’. त्यांना इजा झाली असतां मुकेपणा येतो, स्वर बिघडतो आणि चव कळेनाशी होते, असें तेथें म्हटलें आहे. आणि हीं मर्में प्राणहर न मानतां वैकल्यकर, म्हणजे पंगुत्व आणणारीं, मानलीं आहेत. (आपल्या शालेय पुस्तकांत ‘नीला’ हा शब्द अशुद्ध रक्त वाहणाऱ्या वाहिनीस लावतात, येथील अर्थ निराळा आहे, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें.) ग्रीक लोकांचीहि दृष्टि ह्याच जागीं खिळली होती. ज्या धमनीस आज डॉक्टर ‘कॅरोटिड’ म्हणतात तिचें नांव ग्रीक भाषेंतील गुंगी किंवा बेशुद्धि ह्या अर्थाच्या शब्दावरून आलेलें आहे. कारण ती दाबली असतां मनुष्यास गुंगी येते असें त्यांचें मत होतें.

ह्यावरून आमच्या पूर्वजांस आजचें सर्व ज्ञान होतें, असा निष्कर्ष काढण्याचा मोह कित्येकांस होतो. तो टाळावा हें बरें. मानेंतील धमनीस शस्त्राचा घाव लागला तर काय होतें, हें रणांगणावर व शस्त्रकर्मांत पाहणाऱ्यांस कळलें होतें. परंतु बाहेरून ओरखडाहि न लागतां तीच धमनी आंतून हळूहळू बुजते आणि तिच्यामुळें मेंदूचा एक भाग मरतो, हा संबंध स्पष्टपणें सिद्ध होण्यास विसावें शतक उजाडावें लागलें. १९५१ सालीं मिलर फिशर नांवाच्या कॅनडांतील डॉक्टरांनीं, पक्षाघाताच्या रोग्यांच्या हकीकती आणि त्यांच्या मृत्यूनंतर तपासलेल्या मानेंतील धमन्या ह्यांची सांगड घालून, पक्षाघाताचें मूळ पुष्कळदां मेंदूंत नसून मानेंत असतें असें दाखवून दिलें. तोंवर मेंदूच शोधला जात होता. मान क्वचितच कोणी उघडून पाहत असे.

आतां ही रचना कशी आहे तें पाहूं. हनुवटीखालीं, कंठमण्याच्या बाजूस, बोटें हलकेच ठेवलीं असतां जी नाडी उडतांना लागते ती ही धमनी. उजवीकडे एक व डावीकडे एक. कंठमण्याच्या वरच्या कडेच्या सुमारास प्रत्येकीचे दोन फांटे होतात. एक चेहऱ्याकडे व टाळूकडे जातो आणि दुसरा सरळ कवटींत शिरून मेंदूस व डोळ्यास रक्त पुरवितो. मेंदूचें वजन शरीराच्या वजनाच्या अवघें दोन टक्के. परंतु शरीरास लागणाऱ्या प्राणवायूपैकीं सुमारें वीस टक्के तो एकटाच घेतो, आणि त्याच्यापाशीं सांठा म्हणून कांहींच नसतो. कुटुंबांत जो रोजच्या रोज कमवून रोजच्या रोज खर्चितो, त्याच्या घरीं एक दिवस मजुरी चुकली कीं चूल पेटत नाहीं; मेंदूची स्थिति तशी आहे.

जेथें फांटा फुटतो तेथें रक्ताचा प्रवाह सरळ राहत नाहीं, भोंवरा खातो. नदीच्या वळणावर जसा गाळ सांचतो तसा ह्या जागीं धमनीच्या अस्तरांत मेदाचा थर बसूं लागतो. रक्तदाब वाढलेला असेल, रक्तांत साखर असेल, तंबाखूची संवय असेल, तर हा थर लवकर जाड होतो. पाण्याच्या नळांत किटण बसावें तसा हा प्रकार होय. मात्र नळाची उपमा एका ठिकाणीं अपुरी पडते. नळ बुजत बुजत गेला कीं पाणी हळूहळू कमी येतें. धमनींत पुष्कळदां तसें होत नाहीं. त्या थराचा पृष्ठभाग फाटतो, तेथें रक्त गोठतें, आणि त्या गुठळीचा एखादा कण सुटून प्रवाहाबरोबर वर मेंदूंत जातो व लहान शाखेंत अडकतो. ज्या भागाचें रक्त बंद झालें तो भाग जें काम करीत होता तें काम त्या क्षणीं थांबतें. म्हणूनच हा घाला एकाएकीं येतो, आणि म्हणूनच लोकांस तो वाऱ्यासारखा वाटला.

उलट, हळूहळू बुजलेली धमनी कधीं कधीं कांहींच त्रास देत नाहीं. इंग्लंडांतील टॉमस विलिस ह्यांनीं १६६४ सालच्या आपल्या ग्रंथांत अशा एका मनुष्याची हकीकत दिली आहे कीं, त्याच्या एका बाजूची ही धमनी पूर्ण बंद झालेली असूनहि त्यास पक्षाघात झाला नव्हता. कारण मेंदूच्या तळाशीं चारी बाजूंच्या धमन्या एका कड्यानें परस्परांस जोडलेल्या असतात आणि एकीची उणीव दुसरी भरून काढूं शकते. त्या कड्यास आजहि विलिसचें नांव आहे. मात्र सर्वांचें कडें सारखें भरीव नसतें. त्यामुळें अमक्याची धमनी बुजूनहि तो ठणठणीत आहे, तेव्हां मलाहि कांहीं होणार नाहीं, हा हिशेब चुकीचा ठरतो.

प्रत्येक पक्षाघाताचें मूळ मानेंतच असतें असें मात्र वाचकांनीं समजूं नये. कांहींच्या मेंदूंत रक्तवाहिनी फुटून रक्तस्राव होतो. कांहींच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात व तेथें झालेली गुठळी वर जाते. कांहींच्या मेंदूंतील अगदीं बारीक वाहिन्या रक्तदाबानें व साखरेनें बुजतात. शिवाय आशियांतील लोकांत मानेपेक्षां कवटीच्या आंतल्या धमन्या अरुंद होण्याचें प्रमाण पाश्चात्यांहून अधिक आढळतें. ह्या कारणास्तवच कोणत्या प्रकारचा आघात आहे हें घरीं बसून ठरवितां येत नाहीं. त्यासाठीं मेंदूचें चित्र घ्यावेंच लागतें.

आपल्या महाराष्ट्रांत ह्या विषयाचा अभ्यास झालाच नाहीं असेंहि नाहीं. मुंबईचे मेंदुरोगतज्ज्ञ डॉ. प्र. म. दलाल व त्यांचे सहकारी ह्यांनीं, मेंदूंत गुठळी अडकलेल्या रोग्यांच्या धमन्यांचीं क्ष-किरणचित्रें पुनःपुन्हां घेऊन, बंद झालेली धमनी कित्येकदां आपोआप मोकळी होते, म्हणजे गुठळी विरघळते, असें पाहिलें. आणि तें निरीक्षण १९६५ सालीं ‘लॅन्सेट’ ह्या विलायती वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालें. जी गुठळी निसर्ग विरघळवितो ती औषधानें वेळेवर विरघळवितां आली तर, ही पुढील काळांतील उपचारामागची कल्पना अशा निरीक्षणांनींच बळकट झाली. त्याच डॉ. दलालांच्या नेतृत्वाखालीं २००५-०६ सालीं मुंबईंतील एका ठराविक वस्तींत पक्षाघाताची नोंदणी झाली. पंचवीस वर्षांवरील दर लाख माणसांमागें वर्षास सुमारें १४५ जणांस प्रथमच आघात झाल्याचें तींत आढळलें. त्यांतील सुमारें ८० टक्के आघात रक्त अडल्यामुळें झालेले होते, उरलेले बहुतेक रक्तस्रावामुळें. आणि आघातानंतर अठ्ठावीस दिवसांच्या आंत शेंकडा ३० माणसें दगावलीं होतीं. हे आंकडे परदेशचे नव्हेत, मुंबईचे आहेत, हें लक्षांत घेतलें म्हणजे विषयाचें गांभीर्य निराळें सांगावें लागत नाहीं.

आतां त्या सूचनेकडे वळूं. आमचें चिखली गांव इंद्रायणीच्या परिसरांतलें. वारकऱ्यांस तें टाळगांव चिखली म्हणून ठाऊक आहे. १९९७ सालीं तें पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दींत आलें, आणि शेतांच्या जागीं कारखाने, गोदामें व उंच इमारती उभ्या राहिल्या. ह्या इमारतींतून राहणाऱ्या कुटुंबांची दिनचर्या वाचकांस परिचित असेल. मुलगा चाकणच्या किंवा भोसरीच्या कारखान्यांत पाळीवर, सून तळवड्यास कचेरींत, नातवंडें शाळेंत. आणि दिवसभर घरांत कोण, तर साठी उलटलेले आईवडील. ज्या वयांत आघात येतो त्या वयाचें माणूस एकटें, आणि ज्यानें धांवावें तो दहा कोसांवर.

आमच्याच गल्लींतील एका घरची गोष्ट सांगतों. नांवाची आवश्यकता नाहीं. चौसष्ट वर्षांच्या एक गृहिणी सकाळीं पोळ्या लाटीत असतां त्यांच्या उजव्या हातांतून लाटणें गळून पडलें. तें उचलावें म्हणून हात पुढें केला, तर बोटें मिटेनात. सुनेस हांक मारावी म्हणून तोंड उघडलें, तर शब्दाऐवजीं निराळाच आवाज निघाला. सून आली, तिनें त्यांना खालीं बसविलें. दहाएक मिनिटांत हात पूर्ववत् झाला, बोलणेंहि सुधारलें. सून म्हणाली, “आई, आपण डॉक्टरांकडे जाऊन येऊं या का?” त्यावर त्या हंसून म्हणाल्या, “अगं, काल एकादशी झाली, पित्त झालें असेल. आतां बरी आहें ना मी? ह्याला सांगूं नकोस, उगीच रजा टाकून घरीं येईल.” आणि त्यांनीं उरलेल्या पोळ्या केल्या.

नवव्या दिवशीं पहांटे त्या अंथरुणावरून उठूं शकल्या नाहींत. उजवें अंग लुळें पडलें होतें आणि वाचा बंद होती. मुलगा रात्रपाळीस होता. तो येईपर्यंत वाट पाहण्यांत दोन तास गेले. नंतर नेहमींच्या डॉक्टरांचा दवाखाना उघडण्याची वाट पाहण्यांत आणखी वेळ गेला. मोठ्या इस्पितळांत पोंचेपर्यंत गुठळी विरघळविणाऱ्या औषधाची वेळ टळून गेली होती. तपासणींत डाव्या बाजूची मानेंतील धमनी फारच अरुंद झाल्याचें दिसलें. (मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवितो, आणि बहुतेकांची वाणीहि डाव्या भागांत असते.) आज त्या काठी टेकून चालतात. नातवास हांक मारतांना त्याचें नांव त्यांना आठवतें, पण जिभेवर येत नाहीं. मग त्या टाळी वाजवितात. पुढें त्या धमनीवर शस्त्रक्रिया झाली. परंतु ती दुसऱ्या आघातापासून रक्षण करण्यासाठीं. गेलेली वाणी परत आणण्याचें सामर्थ्य तिच्यांत नव्हतें.

लाटणें पडलें तीं दहा मिनिटें म्हणजेच ती सूचना. डॉक्टर तीस ‘टीआयए’ म्हणतात. आपण क्षणिक आघात म्हणूं. कण अडकला, कांहीं वेळानें विरघळला किंवा पुढें सरकला, आणि मेंदूचा भाग वांचला. आलें आणि गेलें, म्हणून मनुष्य निश्चिंत होतो; वास्तविक त्यानें त्याच क्षणीं निघावयास हवें असतें. अमेरिकेंतील कॅलिफोर्नियांत झालेल्या आणि २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत, असा क्षणिक आघात येऊन गेलेल्यांपैकीं शेंकडा दहांहून किंचित् अधिक लोकांस नव्वद दिवसांच्या आंत खरा पक्षाघात झाला, आणि त्यांतील निम्म्यांस तर पहिल्या दोनच दिवसांत. उलट ऑक्सफर्ड येथील २००७ सालच्या अभ्यासांत असें दिसलें कीं, अशा रोग्यांची तपासणी व औषधयोजना तांतडीनें केली असतां नव्वद दिवसांतील हा धोका शेंकडा दहावरून दोनावर उतरतो. शंभरांतील आठ घरें वांचविण्याचें काम कोणत्याहि दैवी उपायानें होत नसून केवळ लवकर जाण्यानें होतें.

ह्या सूचनेचा आणखी एक प्रकार विशेष ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. एका डोळ्यापुढें वरून काळा पडदा उतरावा तसें होतें, कांहीं मिनिटें त्या डोळ्यास दिसत नाहीं, आणि मग पडदा वर जातो. मानेंतील धमनीची पहिली शाखा डोळ्यास जाते. तेथें कण गेला म्हणजे हें होतें. हात दुसऱ्या बाजूचा लुळा पडतो, पण डोळा त्याच बाजूचा अंधारतो. निगडीस राहणारा माझा एक जुना विद्यार्थी असा पडदा उतरतांच चष्मा बदलावा म्हणून नेत्रवैद्यांकडे गेला. त्यांनीं चष्म्याचा विषय बाजूस ठेवून त्यास त्याच दिवशीं मानेच्या तपासणीस धाडलें. आज तो नीट वाचतो, नीट लिहितो. डोळ्याचा रोग मानेंत असूं शकतो, हें त्या नेत्रवैद्यांस ठाऊक होतें एवढ्यावर त्याचें नशीब उघडलें.

शाळेंत असतांना मुलांस पाठ करण्यासाठीं मी चार शब्दांची जोडी करून देत असें. येथेंहि तसे चार शब्द देतों: तोंड, हात, वाणी, वेळ. तोंड: हंसावयास सांगा, एक बाजू खालीं ओघळते काय तें पाहा. हात: दोन्ही हात पुढें उचलावयास सांगा, एक खालीं येतो काय तें पाहा. वाणी: एखादें सोपें वाक्य म्हणावयास सांगा, उच्चार बोबडा येतो किंवा भलताच शब्द निघतो काय तें ऐका. ह्यांपैकीं एक जरी खूण दिसली तरी चौथा शब्द, वेळ. घड्याळ पाहा, रोगी शेवटचा धडधाकट कोणीं व केव्हां पाहिला ती वेळ कागदावर लिहा, आणि १०८ ह्या क्रमांकावर दूरध्वनि करा किंवा असेल त्या वाहनानें निघा. एकाएकीं तोल जाणें, एकाएकीं दिसेनासें होणें, पूर्वीं कधीं न झालेली भयंकर डोकेदुखी, ह्याहि खुणा त्याच वर्गांतल्या होत.

वेळ इतकी महत्त्वाची कां? रक्त अडल्यावर मेंदूच्या पेशी दर मिनिटास सुमारें १९ लाख ह्या वेगानें मरतात, असा हिशेब शास्त्रज्ञांनीं मांडला आहे. गुठळी विरघळविणारें औषध सामान्यतः साडेचार तासांच्या आंत द्यावें लागतें. आणि त्या अवधींतहि जितकें लवकर तितकें अधिक गुणकारी. मोठी धमनी बंद झाली असेल तर मांडींतून किंवा मनगटांतून बारीक नळी घालून गुठळी ओढून काढण्याचा उपाय २०१५ पासून सर्वमान्य झाला आहे, आणि निवडक रोग्यांत तो चोवीस तासांपर्यंतहि करतां येतो. म्हणून उशीर झाला असें वाटलें तरी घरीं थांबूं नये. फार उशीर झाला कीं नाहीं हें ठरविण्याचा अधिकार तपासणीचा, आपला नव्हे.

दरम्यान घरीं काय करूं नये हेंहि तितकेंच महत्त्वाचें. पाणी, चहा, साखर, कांहींहि तोंडांत घालूं नये. गिळण्याची शक्ति गेलेली असली तर तें श्वासनलिकेंत जातें. रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनानें देऊं नये. पांचांतील एखादा आघात रक्तस्रावाचा असतो आणि तेथें ती गोळी विषासमान होईल. रक्तदाबाची जादा गोळी देऊं नये. शुद्ध हरपत असेल तर कुशीवर निजवावें. आणि जवळचा दवाखाना गांठण्याऐवजीं, जेथें मेंदूचें चित्र काढण्याचें यंत्र रात्रंदिवस चालतें व मेंदुरोगाचे डॉक्टर बोलावतां येतात तेथें सरळ जावें. असें ठिकाण आपल्या घरापासून कोणतें, हें आजच, सर्व धडधाकट असतांना, विचारून ठेवावें. पिंपरीस महापालिकेचें यशवंतराव चव्हाण स्मृति रुग्णालय आहे, खाजगी इस्पितळेंहि आहेत. कोठें काय सोय आहे ह्याची चौकशी रविवारच्या एका सकाळींत होण्यासारखी आहे. लग्नकार्याचें कार्यालय आपण वर्षभर आधीं पाहून ठेवतों. हें पाहून ठेवण्यास इतकी पायपीटहि नाहीं.

आतां शस्त्रक्रियेविषयीं. मानेंतील अरुंद झालेल्या धमनीवरील शस्त्रक्रिया यशस्वी झाल्याचें वृत्त लंडन येथील सेंट मेरीज रुग्णालयांतून १९५४ सालीं प्रसिद्ध झालें. नंतर ती सर्वत्र इतकी फैलावली कीं, कोणास लाभते व कोणास नाहीं हा प्रश्न उभा राहिला. त्याचें उत्तर १९९१ सालच्या उत्तर अमेरिकेंतील मोठ्या प्रयोगानें दिलें. ज्यांस क्षणिक किंवा सौम्य आघात होऊन गेला होता व धमनी ७० टक्क्यांहून अधिक अरुंद झाली होती, अशा लोकांत केवळ औषधांवर असलेल्यांपैकीं शेंकडा २६ जणांस दोन वर्षांत त्याच बाजूचा पक्षाघात झाला. शस्त्रक्रिया केलेल्यांत तें प्रमाण शेंकडा ९ होतें. पुढें असेंहि दिसून आलें कीं, सूचना मिळाल्यापासून दोन आठवड्यांच्या आंत शस्त्रक्रिया झाली तर तिचा लाभ सर्वाधिक होतो. दिरंगाईनें तो घटत जातो. कांहीं रोग्यांत धमनींत जाळीची नळी बसविण्याचा पर्यायहि असतो.

परंतु ज्यांस कसलीच सूचना मिळालेली नाहीं त्यांची गोष्ट निराळी. हल्लीं वाढदिवसास आईवडिलांना ‘संपूर्ण शरीरतपासणी’ भेट देण्याची चाल पडली आहे. तींत मानेची ध्वनिलहरींनीं तपासणी होते, कागदावर ‘पन्नास टक्के’ किंवा ‘साठ टक्के’ असा आंकडा येतो, आणि घरांत रडारड होते. १९९५ सालच्या एका प्रयोगांत अशा लक्षणरहित लोकांत पांच वर्षांतील पक्षाघाताचें प्रमाण औषधांवर शेंकडा ११ व शस्त्रक्रियेनें शेंकडा ५ आढळलें होतें. म्हणजे लाभ होता, पण थोडा. त्यानंतरच्या काळांत औषधें पुष्कळ सुधारलीं, त्यामुळें तो लाभ आतां आणखी कमी भरण्याचा संभव आहे. शस्त्रक्रियेसहि स्वतःचा धोका असतोच. ह्याच कारणानें अमेरिकेंतील प्रतिबंधक आरोग्यसेवेच्या तज्ज्ञमंडळानें २०२१ सालीं, लक्षणें नसलेल्या सर्वसाधारण लोकांची अशी सरसकट तपासणी करूं नये, असाच सल्ला कायम ठेवला. तात्पर्य, सूचना मिळाली असतां एक दिवसहि दवडूं नये. आणि केवळ कागदावरचा आंकडा पाहून एक दिवसांत निर्णयहि घेऊं नये. दोन तज्ज्ञांचें मत घ्यावें, आणि ज्याची मान आहे त्याला विचारावें. मुलगे आपसांत ठरवितात व वडिलांना रुग्णालयाच्या दारांत कळतें, हें योग्य नव्हे.

राहतां राहिली ती रोजची राखण. रक्तदाब मोजणें व त्याचें औषध न चुकवितां घेणें, हें सर्वांत मोठें काम. बरें वाटतें म्हणून गोळी सोडणारे लोक मीं पुष्कळ पाहिले. रक्तदाब दुखत नाहीं, म्हणूनच तो फसवितो. आपल्या घरांत उपवासाच्या दिवशीं औषधहि न घेण्याची प्रथा कित्येक स्त्रिया पाळतात. औषध हें अन्न नव्हे. त्यानें व्रत मोडत नाहीं, हें घरांतील वडील माणसांनींच स्पष्ट सांगावें. मधुमेहाच्या गोळ्यांच्या बाबतींत मात्र उपवासापूर्वीं डॉक्टरांस विचारणें अवश्य आहे. लोणचें, पापड व वरून घेतलेलें मीठ ह्यांवर हात आंखडता ठेवावा. विडीसिगारेट सोडावी, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु दांतांस लावावयाची मिश्री आणि खिशांतील तंबाखूची पुडी हींहि तंबाखूच होत, हें मुद्दाम सांगितलें पाहिजे. रोज अर्धा तास चालावें. आणि केस कापून झाल्यावर मान कडकन् मोडून घेण्याची जी हौस पुरुषांस असते ती सोडून द्यावी. त्या हिसक्यानें धमनीचें अस्तर फाटून तरुणांसहि पक्षाघात झाल्याचीं उदाहरणें वैद्यकांत नमूद आहेत.

ज्यांस आघात होऊन गेला आहे त्यांनीं व त्यांच्या घरच्यांनीं धीर सोडूं नये. व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण ह्यांस २००३ सालीं पक्षाघात होऊन त्यांची डावी बाजू लुळी पडली. त्यांतून ते बऱ्याच अंशीं सांवरले, आणि २०१० सालीं पुन्हां आघात होऊनहि २०१५ पर्यंत पुण्यास आपल्या माणसांत राहिले. पहिल्या कांहीं महिन्यांत व्यायाम व वाणीचे पाठ नेटानें केले तर मेंदूचे उरलेले भाग पुष्कळ कांहीं नव्यानें शिकतात. ज्यास बोलतां येत नाहीं त्यास समजतहि नाहीं, असें मानून त्याच्यासमोर त्याचीच चर्चा करणें हा मोठा निष्ठुरपणा आहे. पुष्कळांस सर्व समजत असतें.

शेवटीं वडीलधाऱ्या मंडळींस, विशेषतः भगिनींस, एक विनंति. आपलें दुखणें मुलांपासून लपविणें ह्यास आपल्याकडे सोशिकपणा म्हणतात व त्याची स्तुति होते. इतर दुखण्यांत तो गुण असेलहि. ह्या दुखण्यांत तो नाहीं. मुलाची एक दिवसाची रजा वांचावी म्हणून जी माउली गप्प बसते, तिच्याच शुश्रूषेसाठीं त्या मुलास पुढें वर्षें द्यावीं लागतात, आणि तींहि तिला बोलून दाखवितां येत नाहींत. हात दहा मिनिटें गळाला, शब्द दहा मिनिटें अडला, डोळ्यापुढें पडदा येऊन गेला, तर घरांत जो कोणी असेल त्यास त्याच क्षणीं सांगावें. कोणी नसेल तर शेजारचें दार ठोठवावें. आणि शेजाऱ्यांनीं, दार ठोठावणारें माणूस आतां बरें दिसतें म्हणून त्यास चहा देऊन परत न पाठवितां, त्याच्याबरोबर निघावें.